उकंड्यावरची अमानत

पितृपंधरवडा संपत आला की आमच्या इमारतीच्या जिन्यात एकच प्रश्न वर-खाली करू लागतो : "दसरा काढला का?" माझी एक भाची पुण्यात वाढली. तिनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती गोंधळली. दसरा येतो, दसरा असतो, फार तर दसरा होतो. तो काढतात कुठून? तिला सांगावं लागलं की आमच्या मराठवाड्यात दसरा घरातून काढतात. देवीचे घट बसायच्या आधी घरातली हलणारी प्रत्येक वस्तू बाहेर आणायची, धुवायची, घासायची, उन्हात घालायची आणि मग रिकाम्या घराकडे बघून कपाळाला हात लावायचा. याला दसरा काढणं म्हणतात. रावणाशी त्याचा काही संबंध नाही.

आता दसरा काढणं सोपं झालंय. धुण्याच्या यंत्रात गोधडी मावत नाही, म्हणून लोकांनी गोधड्याच काढून टाकल्या. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं म्हणत येते. ते गाणं स्वच्छतेविषयी असतं आणि गाडी पुढच्या वळणावर जाईपर्यंत आम्ही सगळे फार स्वच्छ असतो. पण परवा खाली उतरले तर कुंपणाच्या भिंतीला टेकून एक सोफा बसला होता. बसला होता असंच म्हणायला हवं. एसटीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, स्प्रिंगा बाहेर आलेल्या, कुणी विचारेल या आशेवर. मी चौकीदाराला विचारलं, "हा कुणी टाकला?"

"टाकला न्हाई मॅडम," तो म्हणाला. "ठिवलाय कुणीतरी."

त्या एका 'ठिवलाय'नं मला परभणीच्या त्या गल्लीत नेऊन उभं केलं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. लग्न होऊन मी नुकतीच परभणीत आले होते आणि मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. गल्लीत निम्मी घरं जुन्या, मातीच्या छताच्या माळवदाची, निम्मी नव्या स्लॅबची, आणि स्लॅबच्या घरातली माणसं उन्हाळ्यात माळवदाच्या घरात जाऊन बसायची. भाद्रपद सरत आला की पावसाळाभर कोंडलेला कुबट वास एकाच दिवशी सगळ्या दारांतून बाहेर पडायचा. वाकळा, गोधड्या, जाजमं बैलगाडीत रचून नाल्यावर जायची. सोड्याच्या पाण्याची वाफ, दगडावर आपटण्याचे धपाधप आवाज, आणि काठावरच्या गवतावर पसरलेले जुन्या लुगड्यांचे रंग. एकेका गोधडीत तीन पिढ्यांच्या साड्या शिवलेल्या असत, आणि ती वाळेपर्यंत बायका तिच्यातला प्रत्येक तुकडा कुणाचा, हे एकमेकींना समजावून सांगत. मला तो इतिहास पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा खरा वाटायचा. निदान त्यात कुणाचा जयजयकार नसायचा.

घरी सासूबाई ओट्यावर पाट टाकून बसत. आतून एकेक वस्तू त्यांच्यापुढे हजर केली जाई. वाकलेला झारा, हँडल नसलेली बादली, बूड गेलेलं घंगाळ. त्या म्हणत, "ऱ्हाऊ दे, कामाला यील." ज्या वस्तूविषयी त्या काहीच बोलत नसत, ती गेली असं समजायचं. प्रश्न एवढाच उरे की ती जायची कुठे.

ती उकंड्यावर जायची. खेड्यात प्रत्येक घराचा आपापला उकंडा असतो. शेण, केर, राख, चुलीतलं, गोठ्यातलं सगळं त्यावर पडतं आणि वर्षाकाठी गाडी भरून शेतात जातं. त्या उकंड्याला एक पुढचं आयुष्य असतं. आमच्या गल्लीतली माणसं पोखर्णी, ताडकळस, सेलू अशा चारी दिशांनी शहरात आली, तेव्हा येताना 'उकंडा' हा शब्द घेऊन आली आणि शेत मागे ठेवून आली. त्यामुळे गल्लीच्या कोपऱ्यावरचा उकंडा कुठेच जात नसे. तो नुसता वाढे. केराचं एक वेळ ठीक होतं. केर वारा नेई, म्हशी नेत, पाऊस नेई. पण दसरा काढला की तिथे मोठ्या वस्तू येत. झाकण नसलेली लोखंडी ट्रंक. गंजून जाळी झालेलं कूलरचं पत्र्याचं खोकं. उभा तडा गेलेला रांजण. एका वर्षी टांग्याचं चाक आलं होतं, आणि गल्लीत कुणाकडे कधी टांगा नव्हता.

या वस्तू कुणी टाकत नसे. हे फार महत्त्वाचं होतं. विचारलं तर समोरची बाई दुखावून म्हणे, "टाकलं न्हाई हो बाई, ठिवलंय तिथं." टाकणं हे वाईट. त्यात वस्तूचा अपमान, लक्ष्मीचा अपमान आणि शेजाऱ्याचा अपमान. ठेवणं हे निरुपद्रवी. ठेवलेल्या वस्तूला मालक असतो, फक्त तो जवळ नसतो. कुणीतरी गरजू येईल, घेऊन जाईल. तो गरजू गेली कित्येक वर्षं आला नव्हता, पण त्याच्यावरचा गल्लीचा विश्वास ढळला नव्हता. नगरपालिकेचा ट्रॅक्टर मंत्री येणार असले की यायचा, आणि आमच्या गल्लीत मंत्र्यांनी यावं असं काही कारण नव्हतं. ढीग फारच वाढला की कुणीतरी म्हणे, "पाठवत का न्हाईत हे झाडायला कुणाला?" ठेवणारे हात आमचे आणि उचलणारे हात दुसऱ्या कुणाचे तरी, ही वाटणी कुणी आणि कधी केली, असं विचारायची पद्धत नव्हती.

त्याच कोपऱ्यावरच्या भिंतीवर तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या. एका बाजूच्या घोषणेवर दुसऱ्या बाजूचा चुना, त्यावर पुन्हा पहिली घोषणा. त्या प्रश्नात माणसांची घरं जळली होती, तेव्हा त्यावर हसण्याची छाती मला आजही होत नाही. मी फक्त एवढं पाहिलं की नावासाठी जीव तोडून भांडणाऱ्या त्या भिंतीखालच्या ढिगाला मात्र कुणीच आपलं नाव द्यायला तयार नव्हतं.

ती भिंत नरहररावांच्या घराची. नरहरराव तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. साहेबापुढे कागद ठेवायचे, त्यांवरचे हुकूम लिहून घ्यायचे, अशी जन्मभराची नोकरी. शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालेलं. त्यामुळे ते रागावले की त्यांची भाषा अधिकच सभ्य होई. गल्ली त्यांना पेशकारसाहेब म्हणे. त्यांच्या पत्नी गोदाकाकू. या दोघांना मूल नव्हतं आणि त्याविषयी त्यांनी कधी चेहरा पाडलेला मी पाहिला नाही. बहुधा एकमेकांशी वाद घालण्यात वेळ पुरत नसावा.

त्या वर्षी आषाढात काकू मागच्या दारच्या पायरीवर घसरून पडल्या. खुब्याचं हाड गेलं. डॉक्टरांनी अंथरुणातून हलायचं नाही असं सांगितलं, आणि जाता जाता म्हणाले की खोलीत उजेड-वारा खेळता ठेवा. डॉक्टरांना सांगायला काय जातं! त्या खोलीला खिडकी एकच, आणि ती नेमकी उकंड्यावर उघडणारी. उघडली तर उजेडाच्या आधी माश्या आत येत, आणि वाऱ्याच्या आधी वास. म्हणून खिडकीची लाकडी दारं दिवसरात्र बंद. काकू भर दुपारी दिव्याच्या पिवळ्या उजेडात पडून असत. त्यांचा रंग उतरत चालला होता, जेवण तुटलं होतं. मी वाटीभर भाजी घेऊन गेले की नरहरराव मला ओट्यावरच गाठत आणि हळू आवाजात म्हणत, "बाई, हाड जुळेल. पण अंधारात माणूस जुळत नाही." मग टोपी नीट करून, एखादा हुकूम सुनावल्यासारखं, "दसऱ्याच्या आत ही खिडकी उघडणार."

काकूंनी मात्र आपली सोय लावून घेतली होती. उशाशीच असलेल्या खिडकीच्या दोन दारांमध्ये बोटभर फट होती आणि फटीला काकूंचा डोळा.

"काय करायलात काकू?" मी विचारलं की म्हणत, "पेपर वाचायलेय."

आणि खरोखर वाचत. "कंपाउंडरच्या घरी नवं पिंप आलं, जुनं हिकडं आलंय. वकिलाच्या सुनंचं माहेरचं कपाट फोडायलेत. रोज एक फळी आणून ठिवतेत, म्हंजे कुणाला कळणार न्हाई. आज डावं दार आलं. उद्या उजवं यील. सासू-सुनंचं बिनसलंय बघ."

"कशावरून?"

"आगं, आरसा न्हाई आला. आरसा सासूनं ठिवून घेतलाय."

नरहररावांनी आधी रीतसर उपाय केले. 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी लावली. गल्लीनं ती वाचली, पटवून घेतली, आणि टाकणारांची निंदा करत आपल्या वस्तू पाटीखाली ठेवल्या. मग त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्यानं भिंतीवर देवीची तसबीर लावली. देवीसमोर कोण घाण करील? चार दिवसांत गल्लीभरातल्या फुटक्या काचांच्या तसबिरी, जुनी कॅलेंडरं, वाळलेले हार आणि कुणाचं तरी खंडित झालेलं मारुतीरायाचं चित्र देवीच्या पायाशी येऊन बसलं. लोक आता पाया पडून ठेवू लागले. नरहररावांनी देवीला घरात घेतलं.

शेवटी त्यांनी लोकांचा शब्द खरा मानायचं ठरवलं. वस्तू टाकलेली नाही, ठेवलेली आहे ना? मग ती ठेव. उर्दूत अमानत. आणि अमानत परत करणं हे सभ्य माणसाचं कर्तव्य.

पहिली अमानत कंपाउंडरच्या दारात पोचली तेव्हा मी शाळेला निघाले होते, म्हणून सगळं ऐकायला मिळालं. नरहरराव बंद गळ्याचा कोट घालून उभे, मागे हातगाडीवाला, हातगाडीवर पिंप.

"नमस्कार. आपली अमानत आणलीय."

"कसली अमानत?" कंपाउंडरची बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"हे पिंप. आपण माझ्या भिंतीजवळ ठेवलं होतंत. आजवर सांभाळलं. पण आता घरात आजारपण आहे, जबाबदारी घेववत नाही."

"अगं बाई! आमचं न्हाई हो ते, पेशकारसाहेब."

"तळाला आपल्या चिरंजीवांनी खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलंय. वाचून दाखवू?"

पिंप आत गेलं. त्यानंतर रोज सकाळी समन्स पोचवावं तशी एक तामील होऊ लागली. काकू फटीतून मालक ओळखत, नरहरराव कोट चढवत. आमच्या घरीही एकदा येऊन गेले. सासऱ्यांचा पातं तुटलेला टेबलफॅन त्यांनी दोन्ही हातांनी, हार द्यावा तसा परत दिला. सासरे तो घेताना नकळत "आभारी आहे" म्हणाले, आणि त्यानंतर दिवसभर स्वतःवर चिडून होते. गल्लीत हळूहळू भीती पसरली. लोक वस्तूंवरची नावं खरवडू लागले. कुणी रांजण फोडून तुकडे वेगवेगळ्या दिवशी नेऊ लागलं. तरी ढीग हटेना. एक अमानत परत गेली की दोन नव्या येत, कारण दसरा काढणं ऐन भरात आलं होतं.

याच सुमारास गल्लीत स्वच्छता व सौंदर्य समिती स्थापन झाली. सौंदर्य हे पावती पुस्तकावर जागा उरली म्हणून घातलं होतं. अध्यक्ष भाऊसाहेब. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, नगरपालिकेला उभं राहायचा विचार होता, आणि विचार आल्यापासून ते पांढरेच कपडे घालत. समितीनं कोपऱ्यावर सिमेंटची कचराकुंडी बांधली. घटस्थापनेच्या दिवशी तिचं उद्घाटन ठरलं. मांडव, सतरंज्या, कर्णा. पाहुणे म्हणून असे एक गृहस्थ आणले होते की ते बंद असलेलं काहीही उघडून देत. शाळेची खोली, पिठाची गिरणी, रक्तदानाचं शिबीर. कार्यक्रम असा होता की फीत कापल्यावर पाहुण्यांनी पहिला कचरा स्वहस्ते कुंडीत टाकायचा. आणि ऐन वेळी लक्षात आलं की कचराच नाही.

म्हणजे दोन पावलांवर डोंगर होता. पण पाहुण्यांच्या हातात देण्याजोगं त्यात काहीच नव्हतं. कार्यकर्ते धावले. "भाऊसाहेब, ही केळाची साल चाललं का?" "आरं, काळी पडलीय ती! ताजी बघ." शेवटी भाऊसाहेबांनी कार्यक्रमाचीच निमंत्रणपत्रिका फाडली, तुकडे स्टीलच्या ताटात घेतले, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि ताट पुढे केलं. पाहुण्यांनी तुकडे अक्षतांसारखे उधळले. टाळ्या झाल्या. मग सर्वांना चिवडा मिळाला आणि चिवड्याचे कागद नेहमीच्या ठिकाणी, पेशकारांच्या भिंतीशी गेले.

कुंडीत नंतर कधीच कचरा पडला नाही. तिच्यावर देणगीदारांची नावं रंगवली होती, आणि त्यात भाऊसाहेबांच्या वडिलांचं नाव 'कैलासवासी' लावून सर्वांत मोठ्या अक्षरांत होतं. पहिल्याच सकाळी एक बाई केराची पाटी घेऊन कुंडीपाशी गेली, तर भाऊसाहेबांच्या मातोश्री ओट्यावरून ओरडल्या, "ए बया! आमच्या ह्यांच्या नावावर घाण टाकतीस का?" बाईनं ओशाळून पाटी पलीकडे रिकामी केली. त्या नवरात्रात अख्ख्या परभणीत त्या कुंडीइतकी स्वच्छ जागा दुसरी नसावी. मातोश्री रोज तिला फूल वाहत.

पुढच्या गोष्टीत एक बाज आहे, आणि बाजेविषयी आमच्याकडचा एक नियम आधी सांगायला हवा. बाज उलटी, पाय वर करून ठेवायची नाही. घरातलं माणूस गेलं की त्याची बाज तशी बाहेर काढतात. लहान मुलानं खेळताना उलटी केली तरी म्हाताऱ्या माणसांच्या काळजात धस्स होतं. उलट्या बाजेला कुणी हात लावत नाही.

पाचव्या माळेला सकाळी काकूंच्या बंद खिडकीच्या बरोबर खाली एक बाज होती. सुंभ लोंबणारं, चारी पाय आभाळाकडे. ज्यानं ती ठेवली त्याचा हिशेब अगदी बरोबर होता. नरहररावांनी कोट घातला, हातगाडीवाल्याला बोलावलं, पण तो दोन हातांवर थांबला. "साहेब, दुसरं कायबी सांगा. उलट्या बाजंला आपण शिवत न्हाई." नरहरराव स्वतः पुढे झाले, तर आतून काकू ओरडल्या, "तुमी हात लावायचा न्हाई, सांगून ठिवते! सत्तरी झाली तुमची." अमानत परत करायचा कारभार प्रथमच अडला.

ताडकळसला काकूंचं माहेर. त्यांच्या भावाचा शेजारी मूग घेऊन आदल्या दिवशी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आला होता. भावानं बहिणीसाठी त्याच्याजवळ एक पिशवी मूग दिले होते. तो त्या सकाळी पिशवी घेऊन गल्लीत वळला, आणि त्याला काय दिसलं? आजारी गोदाबाईचं घर, खिडकी लावून घेतलेली, खिडकीखाली उलटी बाज, आणि बाजेपाशी कोट घालून, मान खाली घालून उभे असलेले नरहरराव. त्या गृहस्थानं पुढे येऊन विचारायची गरज मानली नाही. अशा घरी हातात मूग घेऊन जाणंही बरं दिसेना. तो आल्या पावली वळला आणि मुगासकट ताडकळसच्या गाडीत बसला.

माझी शाळा नवरात्रात सकाळचीच होती. दुपारी घरी आले, चपला काढते आहे तोच गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि एकदम चार बायकांचा रडण्याचा हेल उठला. सगळ्यांत पुढे काकूंची भावजय, सुंद्रावहिनी. या दोघींचा काही वर्षं अबोला होता. कुठल्याशा लग्नात वहिनींनी केलेली आमटी चाखून काकू चारचौघांत म्हणाल्या होत्या की मीठ कमी पडलंय. तेवढ्यावरून जाणं-येणं तुटलं होतं. मूग भाऊ गुपचूप पाठवत असे.

वहिनी बाजेपाशी आल्या आणि खालीच बसल्या.

"अगं माझे वन्संऽऽ! न सांगता गेलात गंऽऽ! सोन्यावाणी माझी नणंद गंऽऽ! लगीन होऊन आले तवा माझी येणी तुमी घालत होता होऽऽ..."

गल्ली दारादारांत जमा झाली. कुणाला काही कळेना. नरहरराव नेमके औषध आणायला गेले होते. वहिनींचा आवाज चढत गेला.

"मीच करंटी, मीच तोंड फिरवलं होऽऽ! तुमचंच खरं होतं वन्संऽऽ! मीठ कमीच होतं होऽऽ त्या आमटीत!"

बंद खिडकीमागून स्पष्ट, खणखणीत आवाज आला, "वैनी, तेच तर म्हणलं होतं की मी!"

हेल मध्येच तुटला. मागच्या तिघी बायका जीपकडे पळाल्या. सुंद्रावहिनी पळाल्या नाहीत; त्यांना उठताच येईना. त्या खिडकीकडे बघत राहिल्या. तोंड उघडंच.

"जरा मोठ्यानं बोला ना वैनी," खिडकी म्हणाली. "येणीनंतरचं नीट ऐकू आलं न्हाई. लाकडाचं दार हाय मधी."

"वन्सं? जित्त्या हाव?"

"आजच्या दिवस तरी हाय. उद्याचं तुमी ठरवा."

मला हसू आवरत नव्हतं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी येत होतं. पण त्या दिवसाचं खरं सोनं अजून यायचं होतं. रडारड ऐकून सार्वजनिक माणूस घरात कसा बसेल? भाऊसाहेब आले. पांढरे कपडे, हातात झेंडूचा हार, मागे समिती. मधलं संभाषण त्यांनी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी चप्पल काढली, बाजेपासून अदबीनं थोडं दूर उभे राहिले आणि खर्जात सुरुवात केली, "गोदाकाकूंच्या जाण्यानं आपल्या गल्लीची कधीही भरून न येणारी..."

"भाऊसाहेब," खिडकी म्हणाली, "हार ठिवून जा. बाज घिऊन जा."

इतकी शांतता मी भूगोलाच्या तासाला कधी मिळवू शकले नाही. भाऊसाहेबांचा चेहरा कपड्यांच्या रंगाचा झाला. त्यांच्या मातोश्री गर्दीतून वाट काढत पुढे आल्या, बाज बघितली, मुलाकडे बघितलं. "मुडद्या, ही तर माझी बाळंतपणाची बाज! तुझा जलम हिच्यावर झाला! आन तू ती उलटी केलीस? देवीचे घट बसलेले असताना? सवाष्ण बाईच्या दारात?" त्यांनी मुलाच्या पाठीत असा धपाटा घातला की समितीचे दोन सदस्य आपोआप मागे सरले.

"राहू द्या हो," काकू आतून म्हणाल्या. "बाकीच्यांची नावं उद्या सकाळी सांगते. ट्रंक कुणाची, खोकं कुणाचं, कपाट कुणी हप्त्याहप्त्यानं आणलं, सगळं ठावं हाय मला. आत्ता लय थकलेय. नुकतीच मरून उठलेय."

जिवंत माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे मानतात. आवई उठवणाऱ्याचं काय होतं याविषयी मात्र शास्त्र गप्प आहे, आणि गल्लीला त्याचीच धास्ती लागली. नवरात्रात सवाष्णीवर हेल निघाला होता. त्याचं निमित्त एक बाज झाली होती; पण ट्रंक, खोकं, कपाटाच्या फळ्याही त्याच ढिगात होत्या. उद्या त्यांची नावं निघाली तर? दिवे लागले तसे लोक फिरायला निघाल्यासारखे त्या कोपऱ्याकडे निघाले. इतकी माणसं इतक्या सहज शीळ घालत एकाच दिशेनं जाताना मी पाहिली नव्हती. परत येताना प्रत्येकाच्या काखेत काहीतरी असे. वकील स्वतः कपाटाच्या फळ्या नेत होते. समोरून कंपाउंडर आले तेव्हा दोघे एकमेकांना पावसाविषयी विचारून पुढे गेले. टांग्याचं चाक तेवढं शेवटपर्यंत उरलं; मग तेही दिसेनासं झालं. ते कुणी नेलं हे काकूंनी मला मरेपर्यंत सांगितलं नाही. आणि हे सांगते तेव्हा हेही सांगायला हवं की काकू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या.

सकाळी भिंतीखाली केर तेवढा उरला होता. तो सातव्या माळेपर्यंत गल्लीतल्या बायकांनी पाट्यांनी उचलला, भाऊसाहेबांच्या मातोश्रींनी स्वतः कुंडीत ओतला. "तेवढंच माझ्या पोराचं पाप फिटंल," त्या म्हणाल्या, आणि कैलासवासी यजमानांना हात जोडले. भिंतीखालची जमीन दिसू लागली. आम्हांला ती ओळखूच येईना. एरवी मी मुलींना काळ्या मातीचे गुणधर्म शिकवत असे. ती आपल्याच गल्लीत आहे हे मला ठाऊक नव्हतं.

खिडकी अष्टमीला उघडायची ठरली. सुंद्रावहिनी ताडकळसला गेल्याच नव्हत्या; आलेच आहे तर नणंदेचं करते म्हणून राहिल्या होत्या आणि रोज आमटीत थोडं मीठ जास्तच घालत होत्या. नरहररावांनी कोट घातला. पावसाळाभर बंद राहून लाकूड फुगलं होतं. त्यांनी बिजागऱ्यांत तेल सोडलं, वहिनींनी खालून जोर लावला, मी कडी धरली. दारं कुरकुरली, अडली आणि मग एकदम भिंतीवर आदळली.

ऊन आत आलं. नुसतं आलं नाही, काकूंच्या अंगावर, उशीवर, पलीकडच्या भिंतीपर्यंत पसरलं. वारा आला, त्याला कसलाही वास नव्हता. काकूंनी डोळे मिटून घेतले. नरहरराव त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. किती तरी दिवसांनी त्यांना बायकोचा चेहरा दिवसाच्या उजेडात दिसत होता. त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

काकूंनी डोळे उघडले. त्यांनी बाहेर बघितलंच नाही. त्या खोलीकडे बघत होत्या. आढ्याच्या जाळ्यांकडे, फळीवरच्या धुळीकडे, कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या सामानाकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "सगळ्या गल्लीचा दसरा निघाला. आपल्या घराचा कुणी काढला?"

नरहररावांनी आजूबाजूला बघितलं. दिव्याच्या उजेडात इतके दिवस जे दिसलं नव्हतं, ते त्यांनाही आता दिसलं. अष्टमी असूनही दसरा त्याच दुपारी काढायला घेतला. वहिनींनी पदर खोचला, मी झाडणी घेतली, आणि नरहरराव एकेक वस्तू बाहेर नेऊ लागले. बूड फाटलेली आरामखुर्ची शेवटी आली. तिला तीनच पाय होते. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

नरहरराव खुर्ची घेऊन ओट्यावर आले. समोर कोपरा, सारवल्यासारखा स्वच्छ. गल्लीत भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. ते बराच वेळ खुर्ची दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मग ते एक पायरी उतरले.

खिडकीतून आवाज आला, "मी बघायलेय हं."